मंडळाची वही
(आपल्या चाळीतील तरुण मंडळाची वाटचाल)

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढण्याचे कार्यकारिणीने ठरविले आणि "तुम्ही जुने कार्यकर्ते, इतिहास तुम्हीच लिहा," असा आदेश आम्हाला दिला. आम्ही पडलो गिरणी कामगार. रिंग खात्यात उमेदीची वर्षे गेली. शिक्षण म्हणाल तर रात्रशाळेत दहावीपर्यंत, आणि पुढचे सगळे मंडळाच्या वाचनालयात. तेव्हा भाषेत काही उणेअधिक झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विहाराचा इतिहास लिहायला बसलो आणि लक्षात आले की, तो विहारापासून सुरू होतच नाही. तो सुरू होतो दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेतल्या पत्र्याच्या शेडपासून. ती शेड म्हणजे आपले तरुण मंडळ. त्याच शेडच्या एका कोपऱ्यात फळी ठोकून तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला गेला, आणि पुढे त्याच जागेवर विहार उभा राहिला. म्हणजे आधी मंडळ, मग विहार. नव्या पिढीला हे ठाऊक नाही. त्यांना वाटते मंडळ म्हणजे चौदा एप्रिलची मिरवणूक, डेकोरेशन आणि बॅनरवरचे फोटो. तसे ते नव्हते, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

चाळ रिकामी करण्याची तयारी सुरू झाली तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत लाल कापडात बांधलेली मंडळाची जमाखर्चाची वही सापडली. पाने पिवळी पडलेली, कोपरे वाळवीने खाल्लेले. आम्ही ती चार रात्री वाचत होतो. खरा इतिहास तिच्यात आहे. आम्ही फक्त त्याला जोडून लिहितो आहोत.

मूळ कोठे आहे?

तरुण मंडळ ही काही आपल्या चाळीने काढलेली टूम नव्हे. त्याचे मूळ बाबासाहेबांच्या पहिल्या संस्थेत आहे. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले, हे बहुतेकांना माहीत असते. पण याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि महार हॉकी क्लबही चालविला, हे किती जणांना माहीत आहे? होय, हॉकी क्लब! आपली तरुण मुले जुगार, दारू आणि वाईट संगतीच्या नादी लागू नयेत, म्हणून त्यांच्या हातात हॉकीची काठी द्यायची, हा विचार १९२४-२५ सालचा आहे. वाचनालय आणि खेळ या दोन गोष्टी त्या काळापासून जोडीने चालत आल्या. आपल्या शेडमध्ये एका बाजूला डंबेल्स आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकांचे कपाट होते, ते याच वाटेने आले होते.

पुढे महाडच्या सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. कवायत, शिस्त, सभेचा बंदोबस्त, आल्यागेल्याला पाणी, म्हाताऱ्याकोताऱ्याला हात, हे शिक्षण दलाने दिले. आमच्या आधीच्या पिढीतले मंडळाचे बहुतेक कार्यकर्ते दलाच्या तालमीत तयार झालेले होते. मंडळाच्या बैठकीला पाच मिनिटे उशिरा आलात तर आप्पा दारातच विचारायचे, "गिरणीत लेट मार्क चालतो का?"

आपले वेगळे मंडळ का लागले, हेही सांगितले पाहिजे. गिरणगावात व्यायामशाळा, भजनी मंडळे, क्रीडा मंडळे काही कमी नव्हती. पण जात गिरणीच्या गेटबाहेर थांबत नव्हती, ती गेटमधून आतही येत होती. साचे खात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला. पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय? तर धोट्यात कांडी भरल्यावर धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. जिथे धोटा चालत नाही, तिथे एका आखाड्यातली माती कशी चालणार? म्हणून आपला आखाडा आपण केला, आपले वाचनालय आपण केले.

दहा बाय सोळाची खोली

आता चाळीचे सांगतो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या, म्हणून बीडीडी. मुंबईत अशा २०७ चाळी : वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला, म्हणजे ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीला १२. तळ अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि मोरी.

त्या १६० फुटांत किती माणसे राहत, हे आजच्या मुलांना सांगितले तर खोटे वाटते. घरचे सहा-सात जण, शिवाय गावाकडून आलेला चुलता, मेव्हणा, पुतण्या. काही खोल्यांमधून बायका खानावळ चालवायच्या, तिथे तर जेवणारांची पंगतच. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. एक कामावर गेला की त्याच्या अंथरुणावर दुसरा आडवा व्हायचा. मग शिकणाऱ्या पोराने बसायचे कुठे? रातपाळीचा माणूस दिवसा झोपला की घरातल्या मुलांना श्वाससुद्धा हळू घ्यावा लागे. मुले बाहेर गॅलरीत, जिन्यात, रस्त्यावर. आणि रस्त्यावर काय काय असते ते आपणा सर्वांना माहीत आहे.

तेव्हा मंडळाची शेड ही शोभेची वस्तू नव्हती. ती चाळीची दुसरी खोली होती. संध्याकाळी व्यायाम, कॅरम, कबड्डीचा सराव. रात्री नऊनंतर कॅरमबोर्ड भिंतीला लागायचा आणि तिथेच अभ्यासिका सुरू व्हायची. बल्ब एकच, पण त्याच्याखाली वीस पोरे बसायची. परीक्षेच्या दिवसांत काकी कळशीभर चहा आणून ठेवायच्या. आमची दहावी त्याच बल्बखाली झाली.

आपण बहुतेक कोकणातली माणसे. गावकीचे व्यवहार, बारशापासून पुण्यानुमोदनापर्यंतचे विधी, गावच्या बौद्धवाडीची कामे हे सारे बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांमधून आणि गावोगावच्या मुंबई मंडळांतून होई. पण त्यात तुमचे गाव कोणते हे आधी पाहिले जाई. तरुण मंडळात गाव विचारत नसत. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, नगरचा, सगळे एका चाळीचे, हाच हिशोब. हा फरक लहान वाटेल, पण पुढे संपाच्या काळात हाच फरक उपयोगी पडला.

वहीतल्या नोंदी

वहीत सर्वांत जास्त नोंदी कशाच्या असतील? जयंतीच्या? नाही. जयंतीचा खर्च वर्षातून एकदा. सर्वांत जास्त नोंदी आहेत मयताच्या. रात्री-अपरात्री चाळीत कोणी गेले की पहिला निरोप मंडळात यायचा. बांबू, कापड, मडके, फुले, मेणबत्त्या, गावी तार, नातेवाइकांना आणायला टॅक्सी. पोरे वाटून घ्यायची. घरच्यांनी फक्त मयताजवळ बसायचे, खिशात हात घालायचा नाही. पैशाचे पुण्यानुमोदनानंतर बघू. ते 'नंतर' बऱ्याचदा आलेच नाही, आणि कोणी मागितलेही नाही.

दुसऱ्या नोंदी आजारपणाच्या. केईएम १९२६ पासून आपल्या माणसांचा आधार. तिथे कोणाचे ऑपरेशन असले की मंडळातून चार जण रक्त द्यायला जायचे. रात्री पेशंटजवळ कोणी बसायचे, याची पाळी लागायची, अगदी गिरणीतल्या पाळीसारखी. विनयपिटकात कथा आहे, अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूला कोणी पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी स्वतः आनंदाला बरोबर घेऊन त्याला धुतले, पुसले, नीट निजवले आणि संघाला त्याबद्दल जाब विचारला. ही कथा आम्ही वर्षावासात पुष्कळ नंतर ऐकली. पण ऐकताना वाटले, अरे, हे तर आपली पोरे करीतच होती!

तिसऱ्या नोंदी वह्या-पुस्तकांच्या. जूनमध्ये पाठ्यपुस्तके फिरवायची : पुढच्या वर्गात गेलेल्याने आपली पुस्तके मंडळात जमा करायची, मागच्याने घ्यायची. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली, तेव्हा मंडळाने तेही घेतले. इंग्रजीतले खंड! वाचणारे तिघेच. पण त्या तिघांनी रविवारी सकाळी बसून बाकीच्यांना मराठीत सांगायचे, असा नेम होता. आमच्यासारख्यांचे कॉलेज ते.

आणि चौथी नोंद दरवर्षी न चुकता एका तारखेची : ६ डिसेंबर. १९५६ साली बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर लोटलेला जनसागर आमच्या वडिलांनी पाहिला होता. तेव्हापासून गावोगावचा समाज चैत्यभूमीवर येतो. १९७१ साली तिथे स्तूप झाला, आणि गर्दी वाढतच गेली. डोक्यावर गाठोडे, कडेवर लेकरू, पायात चप्पल नाही, अशी माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून येत. मंडळाची पोरे पाणी, पोळी-भाजी, हरवलेल्या मुलांचा शोध, आजाऱ्याला दवाखाना हे बघत. चाळीतल्या खोल्यांत दोन-तीन दिवस अनोळखी माणसे उतरत. १६० फुटांच्या खोलीत आणखी पाच जण! बायकांनी कधी कुरकुर केल्याचे आम्हाला आठवत नाही. आणि बाबांनो, हे सारे रांधणे-वाढणे त्यांनीच केले. त्याबद्दल पुढे लिहितोच.

१९७४

१९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि मंडळाच्या शेडमध्ये नवे वारे आले. पोस्टरे, पत्रके, कविता, वाद. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल पेटली, ती पुढे काही महिने धुमसत राहिली. १० जानेवारीच्या मोर्चात परळला वरून आलेल्या दगडाने भागवत जाधव शहीद झाले. आम्ही तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. आम्हाला आठवते ते एवढेच की, गॅलरीतले दिवे बंद आहेत, आई दाराला पाटा लावून बसली आहे आणि खाली मंडळाची पोरे काठ्या घेऊन उभी आहेत.

मोठे झाल्यावर जुन्या माणसांकडून बाकीचे कळले. मंडळाने रात्रीच्या गस्तीच्या पाळ्या लावल्या होत्या. कामावर जाणाऱ्यांना एकटे सोडायचे नाही, दहा-दहाच्या गटाने जायचे. ज्यांची पोरे पकडली गेली त्यांच्या जामिनासाठी घरोघर फिरून पैसे उभे केले. वहीत त्या महिन्यांच्या खर्चापुढे 'जामीन', 'वकील', 'दूध' असे शब्द एकाखाली एक आहेत. दूध कशासाठी? तर बाहेर पडता येत नव्हते आणि घराघरात लहान मुले होती.

संप

आता ज्या पानासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या पानावर येतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि औद्योगिक संबंधाचा १९४६ चा कायदा रद्द करणे, या मुख्य मागण्या. सगळ्यांना वाटले होते महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागेल. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगाव मात्र त्यात भाजून निघाले.

आम्ही तेरा वर्षांचे होतो. वडील संपात. पहिले दोन-तीन महिने उत्साहाचे. मग वाण्याने उधारी बंद केली. मग भांडी गेली. मग आईच्या कानातले गेले. मग अर्धी चाळ गावी गेली. ज्यांची गावाला शेती होती त्यांचे एक बरे. आपल्यातल्या कित्येकांना गावात टीचभर जमीन नव्हती. ते कुठे जाणार?

मंडळाची सर्वसाधारण सभा बसली. वर्गणी खोलीमागे ठरलेली होती. तात्या त्या वेळी खजिनदार, आणि ते स्वतः संपात. प्रश्न असा की, वर्गणीच येत नाही तर मंडळ चालवायचे कसे? कोणी म्हणाले, काही महिने बंद ठेवू. तात्या म्हणाले, "पाऊस पडायला लागल्यावर छत्री मिटायची का?"

त्या सभेत तीन गोष्टी ठरल्या. एक, चाळीत जे बीएसटीत, महापालिकेत, गोदीत, रेल्वेत कामाला आहेत, त्यांनी जादा वर्गणी द्यायची. दोन, गावाकडून कोणाकडे तांदूळ, नाचणी, कुळीथ आले तर त्यातला वाटा मंडळात यायचा, मग तो कुठल्याही गावचा असो. इथे ते गाव न विचारण्याचे वळण कामी आले. तीन, ज्याला मदत मिळेल त्याचे नाव वहीत लिहायचे नाही.

ही तिसरी गोष्ट नीट समजून घ्या. वहीत त्या दोन वर्षांच्या नोंदी अशा आहेत : 'एक खोली, तांदूळ.' 'एक खोली, फी.' 'दोन खोल्या, एसटी भाडे.' कोणती खोली? ते तात्यांना आणि अजून दोघांना माहीत. सामान रात्री दिवे गेल्यावर दाराशी ठेवले जाई. आमच्याही दाराशी होते, हे आम्ही आज लिहून टाकतो. आईने ते उचलून आत घेतले आणि आम्हाला म्हणाली, "कोणी ठेवलं ते विचारू नको. पण मोठा झालास की तू पण ठेव."

वर्ष संपल्यावर हिशोब तपासायला बसले. वर्गणीच्या पानावर थकबाकीचा रकाना. नियमाप्रमाणे प्रत्येक खोलीपुढे बाकी दाखवायला हवी. तात्यांनी वरपासून खालपर्यंत संपूर्ण पानावर एक तिरकी रेघ मारली आणि त्या रेघेवर एकच शब्द लिहिला : 'संप'. बाकी कोणाच्याच नावावर पुढे ओढली नाही. चार दिवसांपूर्वी ते पान आमच्या हातात आले, तेव्हा आमचे डोळे भरून आले, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

आमची चूक

इतिहास लिहायचा तर फक्त गौरव लिहून चालणार नाही. आपल्या हातून काय चुकले तेही लिहिले पाहिजे. १९८८ साली आम्ही गिरणीत बदलीवर लागलो. थोड्याच वर्षांत मंडळाचे चिटणीस झालो. तरुण रक्त, वाटले की कारभार शिस्तीत आणू. मंडळ रीतसर नोंदलेले, १९५० च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे हिशोब द्यायचे. थकबाकी फार. म्हणून आम्ही एक नियम काढला : सहा महिने वर्गणी थकली की नाव फळ्यावर लिहायचे. तात्या तेव्हा थकले होते. त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "बघ बाबा. फळा सगळ्यांना दिसतो."

चाळीत एक पोरगा होता. कबड्डीत पट्टीचा. बाप संपानंतर परत कामावर घेतला गेला नव्हता, दारूला लागला होता. पोराची वर्गणी थकली. नाव फळ्यावर आले. तो दुसऱ्या दिवशी आला, फळा वाचला, कोणाशी काही न बोलता निघून गेला. पुन्हा मंडळात आला नाही. आम्हीही विचारायला गेलो नाही. म्हटले, येईल.

त्या वर्षांत गिरणगावातल्या बेकार पोरांवर कोणाकोणाचा डोळा होता, हे आपण सगळे जाणतो. ज्यांनी त्याला जवळ केले, त्यांनी वर्गणी मागितली नाही. त्यांनी त्याला कपडे दिले, पैसे दिले. दोन-अडीच वर्षांनी एका रात्री त्याच्या मरणाची बातमी आली. नाव लिहीत नाही.

सकाळी त्याची आई मंडळात आली. आम्ही चार-पाच जण बसलो होतो. तिने पदराची गाठ सोडली, पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "थकलेली बाकी घ्या. आणि माझ्या पोराला खांदा द्यायला माणसं पाठवा."

माणसे तर जाणारच होती. मयताला मंडळाने कधी वर्गणी विचारली नव्हती. पण त्या माउलीला तसे वाटावे, अशी वेळ आम्ही आणली होती. तात्यांनी ज्या पानावर रेघ मारली होती, त्याच वहीत आम्ही नावे लिहून फळ्यावर चढवली होती. ते पैसे आम्ही परत केले. फळाही पुसला. पण पोरगा परत येणार होता का?

त्यानंतर ठराव झाला, तो आजही लागू आहे : वर्गणीसाठी कोणाचेही नाव जाहीर करायचे नाही. आणि जो येणे बंद करतो त्याच्या घरी आठ दिवसांच्या आत कोणीतरी जायचे.

महिला मंडळ

वर म्हटले तसे, रांधणे-वाढणे, सहा डिसेंबरच्या पाहुण्यांची सोय, पेशंटचे डबे, संपाच्या काळात घरकाम करून, खानावळी चालवून घर ओढणे, हे सारे बायकांनी केले. पण वहीत पाहाल तर सभासदांच्या यादीत कितीतरी वर्षे एकाही बाईचे नाव नाही. सभेला त्या बाहेर गॅलरीत उभ्या राहून ऐकायच्या. समतेची भाषणे आत, आणि अर्धी चाळ दाराबाहेर! बाबासाहेबांच्या मंडळाला हे शोभणारे नव्हते.

हे बदलले ते विहारामुळे. वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले, तेव्हा ऐकणाऱ्यांत बायकाच जास्त. मग त्याच वाचू लागल्या. मग प्रश्न विचारू लागल्या. मग म्हणाल्या, हिशोब आम्हालाही दाखवा. महिला मंडळ झाले, आणि त्यानंतर आपल्या वहीत कधी पैशाची गडबड झाली नाही, हे आम्ही जबाबदारीने लिहितो.

आता पुढे काय?

आमच्या गिरणीचा भोंगा २००० च्या सुमारास कायमचा थांबला. बरेच जण वॉचमन झाले, काही जण गावी गेले. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले. २०२० च्या टाळेबंदीत मंडळाच्या नव्या पोरांनी घरोघर धान्याच्या पिशव्या पोहोचवल्या. त्यांनी वही वाचलेली नव्हती. तरी पिशव्या रात्रीच ठेवल्या, आणि फोटो काढले नाहीत. आम्ही विचारले, हे कोणी शिकवले? एक जण म्हणाला, "आमच्या आजीने सांगितलं, असंच करायचं असतं."

आता चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचे घर, घरात संडास, घरात पाणी. १६० फुटांत आयुष्य काढलेल्या आमच्या आया-बहिणींना हे सुख मिळते आहे, याचा आनंद आहे. कोणी उगाच जुन्या चाळीचे गोडवे गाऊन गळे काढू नयेत. सामाईक संडासाच्या रांगेत काही गोडी नव्हती.

पण एक भीती वाटते. चाळीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही, तर गॅलरीतून कळायचे. लिफ्टच्या इमारतीत दार बंद असते. तिसाव्या मजल्यावर कोणी उपाशी आहे, कोणाचे पोर चार दिवस कोणाशी बोललेले नाही, कोणाची म्हातारी रात्री एकटी कण्हते आहे, हे कसे कळणार?

महापरिनिब्बान सुत्तात वज्जींची गोष्ट आहे. राजा अजातशत्रूला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला तथागतांकडे पाठविले. तथागतांनी आनंदाला सात प्रश्न विचारले. त्यातला पहिलाच प्रश्न : वज्जी वारंवार एकत्र जमतात काय? आनंद म्हणाला, जमतात. मग तथागत म्हणाले की, जोवर ते जमतात तोवर त्यांची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही. सातांमध्ये वडीलधाऱ्यांचा मान आहे, स्त्रियांवर बळजोरी न करणे आहे, चैत्यांचा आदर आहे, पण पहिला नियम जमण्याचा. पुढे अट्ठकथेत सांगितले आहे की, वस्सकाराने त्यांच्यात फूट पाडली. शत्रू आला, सभेचा नगारा वाजला, पण कोणी जमलेच नाही. जो तो म्हणाला, जातील दुसरे.

बंधुभगिनींनो, आपली शेड पडेल, चाळ पडेल, विहारही नव्या जागी जाईल. त्याने मंडळ मोडणार नाही. नगारा वाजला आणि आपण घरात बसून राहिलो, तर मात्र मोडेल. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची तीन मागणी आहेत. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की लगेच उठून जाऊ नका. अर्धा तास बसा आणि या महिन्यात कोण दिसले नाही ते एकमेकांना विचारा. नव्या इमारतीत कोणी कोणत्या मजल्यावर राहायला गेले, त्याची यादी मंडळाने करावी, आणि दर मजल्यावर एका तरुणाने व एका भगिनीने विचारपूस करण्याची जबाबदारी घ्यावी. आणि वर्गणीची बाकी मोबाईलच्या ग्रुपवर टाकू नका. तोही फळाच आहे, सगळ्यांना दिसतो.

जुनी वही आम्ही नव्या कापडात बांधून विहाराच्या कपाटात ठेवली आहे. ज्याला पाहायची असेल त्याने जरूर पाहावी. शेवटची काही पाने अजून कोरी आहेत. नव्या चिटणिसांनी लिहायला तिथूनच सुरुवात करावी, आणि मदतीच्या नोंदीपुढे नाव लिहू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!